वरचा आकडा, खालचा आकडा

दादा गेला त्याला सात आठवडे झाले होते, तेव्हा वहिनी त्याचा कॅल्क्युलेटर घेऊन धाकटीच्या ऑफिसात आली.

धाकटी, म्हणजे दादाची बहीण, कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या एका कंपनीत चाचणी विभागात होती. साधे बेरीज-वजाबाकीचे नव्हेत. मोठ्या पडद्याचे, आलेख काढणारे, ज्यात आपला आपण प्रोग्राम लिहून ठेवता येतो असे. हे कॅल्क्युलेटर केबलने कॉम्प्युटरला जोडून फाइली इकडच्या तिकडे करायच्या, किंवा इंटरनेटवरून उतरवलेला प्रोग्राम त्यात भरायचा, यासाठी कंपनीचं एक सॉफ्टवेअर होतं. पाठवलेली फाइल पलीकडे जशीच्या तशी पोचली की नाही, हे पाहणं धाकटीचं काम. अकरा वर्षं ती तेच करत होती. दादा तिला शंकासूर म्हणायचा. "हिला नुसतं 'बरी आहेस ना' विचारलं तरी ही दोनदा तपासून उत्तर देईल," असं तो सगळ्यांना सांगायचा.

दादा जमिनीची मोजणी करायचा. एका टेकडीवरच्या रस्त्याची मोजणी अर्धी झाली असताना तो दुर्बिणीच्या तिपाईशेजारी खाली बसला आणि उठला नाही. धाकटीला फोन आला तेव्हा ती एक चाचणी करत होती. ती पूर्ण करून, निकाल लिहून, मग ती निघाली. तेव्हापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. साहेबांनी रजा घ्यायला सांगितली, तर म्हणाली, "घरी बसून काय करू?"

वहिनीने पिशवीतून कॅल्क्युलेटर काढून टेबलावर ठेवला. कोपरे झिजलेले, बटणांमध्ये माती बसलेली.

"त्याच्या मोजणीतल्या जोडीदाराला यातला प्रोग्राम हवाय," वहिनी म्हणाली. "दादाने स्वतः लिहिलेला. त्याच्याशिवाय पुढचं काम अडलंय. मी घरी करून पाहिलं. तुमच्या कंपनीच्या पानावरून ते सॉफ्टवेअर उतरवलं, केबल लावली, तर म्हणतं, काही जोडलेलंच नाही."

"म्हणणारच. हे मॉडेल जुनं आहे. नव्या आवृत्तीतून ते काढलंय."

"कोणी काढलं?"

"कंपनीने." मग धाकटीने पुढे सांगितलं, "चाचणीच्या अहवालावर सही माझी होती. हे आता कोणी वापरत नाही, असं लिहिलं होतं मी."

वहिनीने कॅल्क्युलेटर तिच्याकडे सरकवला. जाताना तिने विचारलं, "खातेस ना नीट?" धाकटीने मान हलवली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर धाकटीने खणातून करड्या रंगाची जुनी केबल काढली. ती लावायला चाचणीच्या खोलीतला सर्वांत जुना कॉम्प्युटर लागणार होता; त्यालाच तसलं तोंड होतं. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती कंपनीच्या पानावरून केव्हाच गायब झाली होती. शेवटी हौशी लोकांनी चालवलेल्या एका संकेतस्थळावर ती सापडली. खाली कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'कंपनीला नको असेल, आम्हाला हवी आहे.' धाकटीने फाइल उतरवली, सवयीने तिचा आकार पडताळला, आणि मग ती सुरू केली.

कॅल्क्युलेटरचा पडदा फिकट झाला होता. आत चार बारीक सेल आणि ते बदलताना मेमरी जागी ठेवणारा एक चपटा सेल. तो चपटा कधी घातलेला होता, देव जाणे. तोही मेलेला असला, तर सेल काढल्याक्षणी आतलं सगळं पुसलं जाणार होतं. म्हणजे आहे त्या धुगधुगीवरच फाइली बाहेर काढायला हव्या होत्या. सगळ्या एकदम मागवल्या तर मध्येच जीव जायचा. ती एकेक मागवायला लागली.

आधी जोडीदाराला हवा होता तो मोजणीचा प्रोग्राम. हिरवी पट्टी सरकत गेली. पोचला. मग कोन काढायचा, मग उतार काढायचा. चौथ्याला जोडणी तुटली. तिने केबल काढून पुन्हा खोचली, दहापर्यंत आकडे मोजले, पुन्हा मागवला. पोचला. प्रोग्राम संपले, तेव्हा पडद्यावरची अक्षरं तिरकं धरल्याशिवाय दिसत नव्हती. काम झालं होतं. पण खाली तीन याद्या उरल्या होत्या, आणि अर्धं काम सोडायची तिला सवय नव्हती. तिने त्याही मागवल्या. तिसरी पोचली आणि पडदा कोरा झाला.

मग तिने सेल बदलले. कॅल्क्युलेटर सुरू झाला आणि त्याने सांगितलं की मेमरी रिकामी आहे. चपटा सेल खरोखरच मेलेला होता. दादाच्या हाताने त्यात दाबलेलं एकही अक्षर आता त्यात उरलं नव्हतं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं धाकटीच्या मनात आलं. ती थोडा वेळ थांबली. काही वाटलं नाही. तिने नवा चपटा सेल घातला आणि झाकण लावलं.

फाइली जशाच्या तशा आहेत का, हे पाहायला तिने त्या कॉम्प्युटरवर उघडल्या. प्रोग्राम ठीक होते. याद्या मोजणीच्या असतील असं तिला वाटलं होतं. पहिल्या यादीत तारखा होत्या, रोजच्या, चौदा महिन्यांच्या. दुसरीत एकशे साठ, एकशे बहात्तर, एकशे अडुसष्ट. तिसरीत शंभर, एकशे चार, अठ्ठ्याण्णव. उंची म्हणावी तर फार थोडी, अंतर म्हणावं तर रोज जवळपास सारखंच कसं. तिसऱ्यांदा वाचताना तिला कळलं. वरचा आकडा, खालचा आकडा. रक्तदाब.

चौदा महिने. त्या चौदा महिन्यांत दादा तिच्याकडे निदान तीसदा जेवायला आला होता. लोणचं मागून घेत होता. मीठ कमी पडलंय, असंही एकदा म्हणाला होता. शेवटची तारीख तो गेला त्याच दिवसाची होती. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. सगळ्या यादीत इतका चांगला आकडा दुसरा नव्हता.

बाहेरून लोक परतल्याचे आवाज यायला लागले. आता हे सगळं कॅल्क्युलेटरमध्ये परत भरायचं होतं. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलीपुढे एक चौकोन दाखवतं. हवी असेल तिच्यापुढे खूण करायची. धाकटीने सगळ्या प्रोग्रामांपुढे खूण केली. याद्यांपाशी तिचा हात थांबला. दादाला माहीत होतं आणि त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, हे वहिनीला आता कळून काय होणार? तिचं दुःख होतं तेवढं पुरेसं होतं. धाकटीने तिन्ही चौकोन रिकामे ठेवले आणि बटण दाबलं.

संध्याकाळी तिने कॅल्क्युलेटर वहिनीकडे नेऊन दिला. वहिनी कणीक मळत होती. तिने बोटं पुसली आणि सरळ कॅल्क्युलेटर सुरू केला. दोन बटणं दाबली. पुन्हा दाबली. बोटं सराईत होती, ते धाकटीच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

"याद्या कुठे गेल्या?" वहिनीने विचारलं.

"कसल्या याद्या?"

"तीन होत्या. यात आता एकही नाही."

वहिनीने कॅल्क्युलेटर खाली ठेवला.

"तू पाहिल्यास," ती म्हणाली.

"हो."

"आणि काढून टाकल्यास."

"माझ्याकडे आहेत. फक्त यात भरल्या नाहीत. मला वाटलं, तुला माहीत नाही."

"मला माहीत नाही?" वहिनी खुर्चीवर बसली. "अगं, रोज सकाळी त्याच्या दंडाला पट्टा मीच बांधायचे. आकडेही मीच टाकायचे यात. कागदावर लिहिलेलं हरवतं, म्हणायचा, यात टाक. गोळ्या चालू होत्या. दोनदा बदलल्या डॉक्टरांनी. उतरत होतं गं. त्या दिवशी सकाळी एकशे बत्तीस आलं, तर मला म्हणाला, बघ, आता आज लोणचं."

धाकटीने विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं त्याला, सांगू या. तर म्हणाला, तिला सांगितलं की रोज सकाळी फोन करून आकडा विचारेल, आणि मी खरा सांगतोय का, हे विचारायला तुला वेगळा करेल. घाबरायला घरात एक माणूस पुरे. दोघींनी कशाला?"

हे अगदी दादाचंच बोलणं होतं. धाकटीला राग यायला हवा होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी आला असता, तर तिने भांडणच काढलं असतं. पण ज्याच्याशी भांडायचं तो नव्हता, आणि समोर बसलेल्या बाईच्या कोपरापर्यंत पीठ लागलं होतं.

"मी खरंच रोज फोन केला असता," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"आणि तुला वेगळा."

वहिनी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने तोंड पदराआड घेतलं. धाकटी उठून तिच्याजवळ उभी राहिली, खांद्यावर हात ठेवून. तो हात आपला नसून कुणीतरी तिथे ठेवायला दिलेला आहे, असं तिला वाटत होतं. पण तिने तो काढला नाही.

"परत टाक त्या," थोड्या वेळाने वहिनी म्हणाली. "मला हव्यात. रोज सकाळी चुकून हात पट्ट्याकडे जातो माझा. निदान मागचे तरी बघीन."

"उद्या टाकते."

दुसऱ्या दिवशी तिने याद्या भरल्या, एकेक आकडा ताडून पाहिला, आणि जोडीदारासाठी प्रोग्राम दुसऱ्या एका कॅल्क्युलेटरमध्ये उतरवला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. दादापेक्षा वयाने मोठा, सावकाश बोलणारा माणूस.

"ताई, प्रोग्राम चालतोय, पण तो मला नुसता 'क' विचारतो. मग 'ख' विचारतो. क म्हणजे काय, ते तुमच्या दादालाच ठाऊक. तो बोलायचा, मी लिहायचो. हे बटण कधी दाबलं नाही मी."

धाकटीने प्रोग्राम उघडून ओळीन् ओळ वाचली. दादाने कुठेही एका अक्षराचं स्पष्टीकरण लिहिलं नव्हतं. त्याची गरजच नव्हती, तो असणारच होता. कुठला आकडा कुठे भागला जातो यावरून तिने अर्थ लावला: क म्हणजे दुर्बिणीची उंची, ख म्हणजे समोर उभ्या धरलेल्या आकड्यांच्या काठीवरचं वाचन. एका पानावर सगळं लिहून काढलं आणि शनिवारी ती स्वतःच टेकडीवर गेली. फोनवर सांगून चूक झाली तर कोण बघणार?

जोडीदाराने तिपाई लावली. मग थोडं घुटमळून म्हणाला, "इथेच बसला होता तो."

धाकटीने पाहिलं. वाळलेलं गवत होतं, एक चपटा दगड होता.

"काही बोलला का?"

"म्हणाला, जरा थांब, आकडा चुकला वाटतं. तेवढंच. मी वळलो तर मान खाली गेलेली." जोडीदाराने दुर्बिणीचं झाकण उघडलं. "चुकला नव्हता. मी नंतर वही पाहिली. बरोबर होता."

काठी धरायला माणूस नव्हता, म्हणून धाकटीने धरली. तो लांबून ओरडत होता, डावीकडे घ्या, सरळ धरा, आता हलू नका. दिवसभर ती खुंटीखुंटीला उभी राहिली. वाऱ्याने डोळ्यांत धूळ गेली. दुपारी चारच्या सुमाराला शेवटची खुंटी झाली. जोडीदाराने आकडे भरले, पानात पाहून क, पानात पाहून ख, आणि उत्तर आलं. ठरलेल्या उंचीशी फरक दोन बोटांचा होता. एवढ्या लांबीला चालतो, म्हणाला तो.

त्याने वहिनीला फोन लावला, काम झाल्याचं सांगितलं आणि फोन धाकटीच्या हातात दिला.

"जेवलीस?" वहिनीने विचारलं.

"नाही."

"मग त्यांनाही घेऊन ये इकडे. सकाळी पट्टा आहे तसाच पडून असतो, म्हणून आज माझ्याच हाताला बांधून पाहिला. एकशे पंचेचाळीस आला."

धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "आणि खालचा?"

"ब्याण्णव."

"खरा सांगतेयस ना?"

पलीकडे नुसता नळाचा आवाज येत राहिला. धाकटी टेकडी उतरायला लागली. जोडीदार मागून तिपाई खांद्यावर घेऊन येत होता. "येते मी," ती फोनवर म्हणाली, "आल्यावर पुन्हा बघू."