मी फडताळात राहणार नाही

मित्रांनो, मी एक जुना स्पेसर आहे, पण मला कुणाची कीव नको. माझ्या एका टोकाला औषधाचा पंप बसतो, दुसऱ्या टोकाला मास्क. पंपातले औषध माझ्या पोटात क्षणभर थांबते आणि दमा असलेल्या मुलांच्या श्वासाबरोबर छातीत उतरते. हे काम मी कधी चुकवले नाही.

मी आलो एका सुताराच्या घरी. त्याची सात वर्षांची मुलगी, भिंगरी. चार उड्या मारल्या की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिले : रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ, धाप लागली तर निळा. सुतार भुशाने माखलेले कपडे बाहेरच उतरवू लागला. आई दर आठवड्याला मला साबणाच्या कोमट पाण्यात धुवायची आणि न पुसता वाळवायची. सहा महिन्यांत शिट्टी थांबली.

मग आत्या राहायला आली.

"बरी झाली ना पोर? मग कशाला ते? सवय लागते. आणि चार लोकांत दिसलं तर?"

आईवडीलही भुलले. आत्याने मला दोन्ही पंपांसकट जुन्या अभ्र्यात गुंडाळून फडताळात कोंबले. पंधरा दिवस मी आत धुमसत होतो.

एका रविवारी पाहुणे चहा पीत असताना भिंगरी दारात येऊन थबकली. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, तोंडातून शब्द फुटेना. आत्याने पाणी पुढे केले. भिंगरीने पेला सारला आणि फडताळाकडे बोट रोखले.

सुताराने अभ्रा टराटरा फाडला. निळा पंप हलवला, एकदा दाबला. "घे बाळा, सावकाश." पाच-सहा श्वास. पुन्हा पंप, पुन्हा श्वास. जरा उतार पडताच तिला उचलून आईवडिलांनी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई कडाडल्या, "औषध चालू होतं म्हणून ती बरी होती! बंद कधी करायचं ते मी सांगेन."

घरी येताच आत्या पुटपुटली, "निदान पाहुण्यांपुढे तरी आत ठेवू या."

"नाही!" भिंगरी म्हणाली. "आत्या, तू पाहुणे आले की चष्मा काढून ठेवतेस का?"

सुताराने बैठकीच्या खोलीत, मुलीचा हात पोचेल अशी फळी ठोकली. आता तिचे श्वास आत्याच मोठ्याने मोजते, कुणी आले-गेले तरी.

माझी झडप सैल झाली आहे. लवकरच नवा स्पेसर येईल, येऊ दे. पण मित्रांनो, श्वास लपूनछपून घ्यायला कुणी सांगितले, तर मुळीच ऐकू नका. ताठ बसा आणि सगळ्यांच्या देखत घ्या.