दोन नकारांचा फळा

मी एक जुना लाकडी फळा आहे. मित्रांनो, पनवेलच्या एका सुताराने मला घडवले आणि पंचवीस वर्षे मी एका शाळेत पाढे अंगावर झेलले. पुढे चकचकीत पांढरा फळा आला नि मी मोडक्या बाकांमागे धूळ खात पडलो. त्याच शाळेतल्या आशालताबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला मागून घेतले. आता कामोठ्यातल्या त्यांच्या खोलीत मी उभा असतो. तिथे त्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात.

ओवे गावची रंजिता एका दवाखान्यात मदतनीस आहे. एका संध्याकाळी ती डोळे पुसतच वर्गात आली. सकाळी एका आजोबांचे ऑपरेशन होते. त्यांनी काहीच खाल्ले नव्हते. रंजिताने कागदावर लिहिले, 'ही डिड नॉट ईट नथिंग.' डॉक्टरांना वाटले, म्हणजे काहीतरी खाल्ले आहे! ऑपरेशन दुपारवर गेले आणि आजोबा उपाशी ताटकळले.

"बाई, आपण 'कायच खाल्लं नाय' असंच बोलतो ना? मी तेच लिवलं," रंजिता म्हणाली. "आता सिस्टर बोलतात, कागदाला हात लावू नको."

"तुझं मराठी बरोबरच आहे गं," बाई म्हणाल्या. "मराठीत 'काहीच' आणि 'नाही' जोडीनं येतात. इंग्रजीत मात्र एक नकार दुसऱ्याला खोडतो."

त्यांनी ते वाक्य माझ्यावर लिहिले आणि 'नथिंग' पुसून तिथे 'एनीथिंग' लिहिले. "बघ, आता नकार एकच."

त्यानंतर महिनाभर रंजिता अर्धा तास आधी येई आणि मला वाक्यांनी भरून टाकी. चुकले की स्वतःच पुसे. माझे लाकूड खडूने पांढरे झाले, पण मला त्याचा आनंदच होता.

मग एके दिवशी ती धावतच आली. दवाखान्यात इंजेक्शन देण्याआधी एका नव्या नर्सने एका पेशंट बाईंच्या कागदावर लिहिले होते, 'शी डज नॉट हॅव नो अ‍ॅलर्जी.' रंजिता थबकली. अ‍ॅलर्जी आहे की नाही? तिने थेट त्या बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "त्या इंजेक्शनानं माझ्या अंगावर गांधी उठतात गो!" इंजेक्शन थांबले.

"आणि सिस्टर काय म्हणाल्या?" आशालताबाईंनी विचारले.

"कागद माज्याच हातात दिला," रंजिता हसली.

मित्रांनो, आम्हा जुन्या फळ्यांना टाकून देऊ नका. आणि 'नाही' लिहाल तेव्हा जरा थांबून पुन्हा वाचा. त्या एका शब्दावर कुणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.