मध्यंतरापर्यंत

थिएटर विकल्याचं मालकांनी सगळ्या कामगारांना एकदमच सांगितलं, तिकीटखिडकीसमोर उभं करून. घेणारा फरशांचा व्यापारी होता. बाल्कनीत नळ आणि बेसिनं मांडणार, खाली फरशा. शेवटच्या आठवड्यात एक जुना गाजलेला सिनेमा लावू, मालक म्हणाले, आणि घरच्यांना या वेळी सुरुवातीपासून घेऊन या.

डोअरकीपरला धसका बसला तो या शेवटच्या वाक्याचा. नोकरीचं त्याला फारसं वाटलं नाही. निवृत्ती जवळ आलीच होती.

कामगारांच्या घरच्यांना मध्यंतरानंतर फुकट आत सोडायचं, ही इथली पद्धत. रिकाम्या खुर्च्या कुठल्या, ते तोवर कळलेलं असे. मालक या मंडळींना गमतीने ‘उत्तरार्धवाले’ म्हणत. डोअरकीपरची बायको लग्न झाल्यापासून अशीच सिनेमे पाहत आली. पहिल्याच सिनेमानंतर घरी जाताना तिने विचारलं होतं, आधी काय झालं? आता हा मध्यंतरापर्यंत दाराशी. उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवून बसवायचं की परत दार. पडद्याकडे बघायला फुरसत कुठली? पण नोकरी थिएटरात आणि सिनेमा माहीत नाही, हे नव्या नवरीला कोण सांगणार? थिएटरबाहेरच्या काचेच्या पेटीत लावलेले सिनेमातले फोटो आठवून त्याने दिलं ठोकून.

पुढे त्याला त्यात गोडी लागली. ती भाजी निवडता निवडता हात थांबवून ऐकायची. हेच सिनेमे नंतर टीव्हीवर लागत, तेव्हा ‘हा पाहिलाय’ म्हणून ती उठून जाई.

शेवटच्या आठवड्यातल्या सिनेमात तुरुंगातून सुटलेला मोठा भाऊ धाकट्याच्या दारापर्यंत येतो आणि कडी न वाजवताच मागे फिरतो. धाकट्याचा गुन्हा त्याने अंगावर घेतला होता, असं डोअरकीपरने पूर्वी हा सिनेमा लागला तेव्हा तिला सांगितलं होतं. त्या भावासाठी ती ढसाढसा रडली होती. घरात कुणी आपल्या तोंडचा घास दुसऱ्याला दिला, की अजूनही त्याचंच उदाहरण देई.

गर्दी फार असेल, तुझे गुडघे धरतील, असं त्याने सांगून पाहिलं.

“अहो, जन्मभर तुमच्या दाराशी ताटकळले,” ती म्हणाली. “एकदा तरी पहिल्या घंटेला बसू द्या.”

ती ठेवणीतलं नेसून आली. त्याने दाराच्या पडद्याआडून पाहिलं. सुरुवातीला ती शेजारणीशी हसत होती. पडद्यावर मोठ्या भावाने झोपलेल्या बापाच्या उशाखालची किल्ली काढली, बहिणीचे दागिने उचलले आणि मागच्या दाराने पसार झाला. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. मध्यंतर होताच ती बाहेर आली.

“पुढचं मला माहीत आहे,” म्हणाली आणि एकटीच घरी गेली. दार सोडून त्याला जाता येईना.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने नेहमीसारखं जेवायला वाढलं.

बाल्कनी पाडायला सुरुवात झाली त्या सुमारास तिने मुलीकडून मोबाइलवर जुने सिनेमे लावायला शिकून घेतलं. रोज दुपारी एक. मध्यंतराची पाटी आली की बंद. दुसऱ्या दिवशी दुसरा. तो बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसे आणि आतले संवाद ऐके. फोटोंवरून का होईना, आपण रचलेला एखादा तरी पूर्वार्ध बरोबर निघेल, अशी त्याला आशा होती.

एकदा न राहवून तो दारात जाऊन उभा राहिला.

“एखादा तरी जुळला का गं?”

तिने मोबाइल पालथा घातला.

“यांच्यापेक्षा तुमचेच बरे होते,” ती म्हणाली. “पण मग मी एवढी रडले, ती कुणासाठी हो?”

तिने थोडी वाट पाहिली, मग मोबाइल चार्जिंगला लावला आणि वाळलेले कपडे काढायला गेली.