सोनचाफ्याचं शटडाउन

भिलाईच्या त्या बागेत चाफ्याच्या जातीची तीन झाडं होती. हिमचंपा हाताला यायचा नाही, कवठी चाफ्याला एखादंच फूल यायचं, म्हणून सगळी धाड सोनचाफ्यावर. सकाळी फिरायला येणारे स्टील प्लांटचे रिटायर लोक देवाच्या नावानं तो ओरबाडायचे. ‘फूल तोडना मना है’च्या पाटीला खुशाल पिशव्या अडकवायचे.

हेमराज बिसने प्लांटात इलेक्ट्रिशियन होता. दुरुस्तीसाठी वीज बंद केली की स्विचला बांधायचा तो जुना लाल शटडाउन टॅग त्यानं घरातून काढला, आपलं नाव लिहिलं आणि सोनचाफ्याला बांधला. ज्याचा टॅग त्यानंच सोडायचा, तोवर दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हे पस्तीस वर्षांत सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. वर गेलेले हात टॅग पाहून आपोआप खाली आले. आठवडाभर हेमराज टॅग सोडून पिशवी भरायचा आणि परत बांधून घरी जायचा.

मग एका सकाळी शेजारी दुसरा टॅग लटकलेला. त्यावर नाव प्लांटातल्याच भाऊराव पटलेचं! आणि भाऊराव तर तो बांधून पहाटेच्याच गाडीनं महिनाभरासाठी लेकीकडे गोंदियाला गेलेला.

हेमराजनं आपला टॅग सोडला, आकडी उचलली, पण हात वर जाईना.

“कावून थांबले जी?” बायको, गयाबाई, बाकावरून ओरडली.

“भाऊरावचा टॅग हाये ना!”

“मंग आना ती आकडी इकडं. मी कुठं प्लांटात होती?”

तिनं फांदी खसकन ओढली. हेमराज चार पावलं मागं सरकला आणि डोळे गच्च मिटून तिला झटका बसायची वाट पाहत राहिला.