घागरीवरचा कावळा

आमच्या मालकांची नजर सोलापुरात गिरणीत काम करताना गेली. तवापासनं बाजारहाट मीच करते. घरी आलं की हे विचारणार, "आज काय बघितलंस?" मी सुरू करायची, "ती शेजारची जुलेखा, दळभद्री मेली..." की लगेच ह्यांचा हात वर. "तुझं मत ठेव बाजूला. दिसलं तेवढं सांग." अंगाची आग व्हायची माझ्या. मला तोंड हाय अन् त्याला धार हाय. पण ज्याला दिसत न्हाय त्याला माझ्या रागाचा काय उपयोग? त्याला वांग्याचा रंग पायजे, मंगळवेढ्याच्या जोंधळ्याचा दाणा केवढा ते पायजे. शिकले बाई हळूहळू.

अशात विजयमालाची तांब्याची घागर नळावरनं गेली. समद्या चाळीनं बोट दाखवलं जुलेखाकडं. गिरणीचा भोंगा वाजताना ती पदराखाली कायतरी लपवून गेली म्हणं. दुसऱ्या दिवशी चाळीच्या मुकादमानं समद्यांना बोलावलं. घागर दे, न्हाईतर खोली खाली कर, जुलेखाला म्हणाला. तीन लेकरं घेऊन ती कुटं जाणार? तिचं नि माझं नळावरनं वर्षभर वाकडं, म्हणून लोकांनी मलाच पुढं केलं.

मी सांगितलं, "भोंगा वाजला तवा मी नळापाशीच व्हते. जुलेखा गेली, पदराखाली कायतरी व्हतं. ती वळणावर दिसंनाशी झाली तवा घागर नळाखालीच व्हती. काठावर कावळा बसून पाणी पीत व्हता."

"पदराखाली काय व्हतं, रंभाबाई?" मुकादमानं विचारलं.

"ते मला दिसलं न्हाय."

तो हसला. "कावळा बरा ध्यानात ऱ्हायला."

तवा मागनं आमचं मालक बोललं, "कावळा मला कालच सांगितलाय तिनं. घागरीची बोंब उठायच्या आधी."

"आता आंधळ्याची साक्ष घ्यायची व्हय, महिपती?"

"घ्या की. काल तुमी वाण्याच्या दुकानाम्होरं उजवी चप्पल हातात धरून उभं व्हता. पट्टा तुटलेला. दुसऱ्या हातात मेथीची जुडी."

चप्पल, मेथी, समदं खरं. मुकादमाचा चेहरा बघण्याजोगा झाला. तो खाकरला, अन् जुलेखाची खोली ऱ्हायली.

ती माझ्याशी बोलली न्हाय, मीबी न्हाय. भांडण भांडणाच्या जागी.

एरवी ह्यांचा हात धरून मी चाळीतनं घाईनं न्यायची, कुणी कीव करू नये म्हणून. त्या दिवशी मुद्दाम हळू चालले. बघा म्हणलं, बघा आमाला.