अर्धी गोळी

दिनांक ११ नोव्हेंबर २०२४, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे; डबीत मॉर्फिनच्या अर्ध्या गोळ्या एकोणीस. रिसोडजवळच्या मळ्यात राहणारे जगदेव, वीज खात्यातून निवृत्त झालेले कनिष्ठ अभियंता, त्यातली एक उचलून पत्नीच्या तळहातावर ठेवत होते. रुख्मिणीबाईंच्या कण्यात कॅन्सर उतरला होता. वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी पूर्ण गोळी लिहून दिली होती. ती ब्लेडने अर्धी करण्याचा निर्णय जगदेवांचा. मॉर्फिन म्हणजे अफूच, आणि अफूची चटक लागली की माणूस हातचा जातो, असे त्यांच्या मनाने घेतले होते. शिवाय महिनाभर ‘दहापैकी किती दुखते?’ या प्रश्नाला रुख्मिणीबाई ‘चार’ म्हणत होत्या. अर्धीत भागते, मग पूर्ण कशाला?

त्याच सकाळी वांग्यांच्या टोपलीत, फडक्याखाली, त्यांना खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पन्नी सापडली.

“हे कोणाचं?” वांगी तोडणाऱ्या चंदाबाईला त्यांनी विचारले.

“वैनीचं. रोज मीच आनून देऊन राह्यली.”

“गावानं मारोतीपुढं शपथ घेतली ना, खर्रा बंद म्हणून?”

“घेतली ना. तुमीच तर नारळ फोडला, भाऊ. म्हून तर वांग्याखाली आनावं लागते.”

रुख्मिणीबाई खाटेवरून म्हणाल्या, “तिले काहून बोलता? गोयीवर चिमूटभर दाढेत धरला का दुखनं मांग सरकते. नुसत्या गोयीनं भागत नाही.”

जगदेवांनी पन्नी चुलीत टाकली. शपथेचा पुढाकार त्यांचा, वर्तमानपत्रातला फोटोही त्यांचाच. दुपारपर्यंत चारचे नऊ झाले. रुख्मिणीबाई उशीचा कोपरा दातांत धरून पडल्या, तेव्हा त्यांनी जीप बोलावली.

वाशिमला डॉक्टरीणबाईंनी खर्र्याचे सगळे ऐकून घेतले. “सुपारी, तंबाखू या तरतरी आणणाऱ्या वनस्पती. तशाच एका झाडाच्या पाल्याचे उंदरांवर प्रयोग झालेत. मॉर्फिनच्या जातीच्या औषधासोबत दिला, तेव्हा वेदना जास्त दबली. माणसालाही तसाच गुण येतो, असं मी म्हणणार नाही. आणि खर्रा तर घेऊच नका. पण पूर्ण गोळी पोटात असताना यांना तो लागावा कशाला?”

“मीच अर्धी खात होती, बाई,” रुख्मिणीबाई घाईने म्हणाल्या. “कडू लागते मले.”

“मग ही बंद करून दुसरी, कडू न लागणारी पण हलकी, लिहू का?”

दार उघडे होते. बाहेरच्या बाकावर त्यांच्याच गावचे दोघे बसले होते. जगदेव गप्प राहिले असते तर त्यांची अब्रू झाकली गेली असती, आणि बायकोच्या वाट्याला आणखी हलके औषध आले असते.

“कडू लागत नाही तिला,” ते जमिनीकडे पाहत म्हणाले. “मी कापत होतो. ब्लेडनं. तुम्हाला न विचारता.”

“काका, महिनाभर?”

“महिनाभर.”

“आता कायले सांगता लोकाईसमोर?” रुख्मिणीबाई पुटपुटल्या. “इंजिनेर मानूस तुमी.”

डॉक्टरीणबाईंनी तिथेच पूर्ण गोळी दिली, वेळा पुन्हा ठरवून दिल्या. घरी परतल्यावर ‘किती?’ असे विचारण्याचा धीर जगदेवांना होईना. तो प्रश्न शेवटी चंदाबाईने विचारला.

पूर्ण गोळीवर, खर्र्याविना: दहापैकी तीन.