माहेरच्या गाडीला नवा दम

मी सहा सिलिंडरची गाडी बोलतेय. हो, हीच, जिच्या बॉनेटला तुम्ही मघापासून टेकून उभे आहात. टेका, माझी ना नाही, पण पिशवी तेवढी वर ठेवू नका, रंग नवा आहे. आणि वय विचारू नका. माझ्या वयाच्या बाकीच्या गाड्या कुठे गेल्या ते मला चांगलं ठाऊक आहे, तो विषय आज नको.

सहा सिलिंडर म्हणजे काय चीज असते, हे आजकालच्या चिमुकल्या गाड्यांना सांगूनही कळायचं नाही. सहा जण एका ओळीत बसतात आणि कुणी कुणाच्या मध्ये बोलत नाही. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी सुरू आहे की बंद, हे कळायला लोक बॉनेटवर हात ठेवून बघायचे. फुशारकी नाही मारत, खरं तेच सांगतेय.

माझे पहिले मालक गुरांचे डॉक्टर. त्यांची एकुलती एक लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून माझेही ते बाबाच. त्यांच्याबरोबर मी कच्च्या रस्त्यांवर हाडं खिळखिळी होईपर्यंत फिरले. मागच्या सीटवर कधी औषधांची पेटी, कधी आजारी वासरू. एका वासरानं तर माझं सीट कव्हर मनसोक्त चघळलं. मी चघळू दिलं, आजारी होतं बिचारं. बाबा रोज किल्ली फिरवण्याआधी विचारायचे, "काय बाई, झोप झाली का नीट?" माणसं गाड्यांना शिव्या घालतात, लाथा घालतात. चौकशी करणारा एखादाच.

त्यांची लेक माझ्याच स्टिअरिंगवर गाडी शिकली. गिअर टाकताना असा काही खरखराट करायची की माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे ती लग्न होऊन सासरी गेली. मग बाबांच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं. एक दिवस त्यांनी तिला बोलावून किल्ली तिच्या हातात दिली. "मला आता रस्ता धड दिसत नाही गं. हिला तू सांभाळ." एवढंच बोलले आणि घरात निघून गेले. मला वळूनसुद्धा बघितलं नाही. बघवलं नसेल.

अशी मी माहेरची गाडी म्हणून सासरी आले. इथे तिला सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. वहिनी घरातच शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, दवाखान्याचे कोट, जे येईल ते. तिचा नवरा, म्हणजे दादा, शाळेत भूगोल शिकवतो. आणि नणंद आहे, चिमणी. नाव चिमणी, पण काम करते लेथवर, लोखंड कातायचं, आणि तिच्या हातात हात दिला तर बोटं मोजून परत घ्यावीत.

माणसं चांगली, पण घर टेकडीवर. हे गावच मुळात उंचावर वसलेलं, हवा विरळ. त्यात घरापर्यंतचा चढ म्हणजे भिंतच. पहिल्यांदा चढले तेव्हा मधल्या वळणावर माझा दम संपला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. काय सांगू, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग घरात रीतच पडली. वळण आलं की कुणी काही बोलायचं नाही. दारं उघडायची, वहिनी सोडून सगळ्यांनी उतरायचं आणि मागून ढकलायचं. रिकामी असले की मी कशीबशी चढायचे. शेजारी गच्चीतून मजा बघायचे. दादा ढकलता ढकलता ओरडायचा, "अगं, तुझ्या माहेरची गाडी आहे की दम्याची पेशंट?" वहिनी आरशातून हसायची, पण स्टिअरिंगवरचे तिचे हात मला कळायचे. घट्ट आवळलेले असायचे.

बाबा खालच्या गावातून एकदाच आले होते. तेही वळणावर उतरले. ढकलण्याचं वय नव्हतं, म्हणून काठी टेकत पायी चढायला लागले. चार पावलांत छाती भरून आली. तिथेच दगडावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाळा, मला खालीच सोड. तुझं घर मी नंतर बघीन." ते नंतर काही आलंच नाही. लेकीचं घर त्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

त्यानंतर एकदा गणवेश पोचवायला उशीर झाला, कारण कापडाचे गठ्ठे घेऊन मी खालूनच वर येईना. दादाचा पारा चढला. "पुरे झालं! भंगारवाल्याला सांगून टाकलंय मी. येत्या रविवारी येऊन घेऊन जाईल."

"अहो, बाबांची गाडी आहे ती!"

"मग बाबांना सांग ना, येऊन ढकला म्हणावं."

बोलून गेला आणि त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण पटकन आत निघून गेला. वहिनी शेडमध्ये आली, माझ्यात बसली, दार लावून घेतलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मला भंगारात जायची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण तिला बाबांना हे कसं सांगावं याची त्याहून जास्त भीती होती.

चिमणी कामावरून आली ती तडक शेडमध्ये. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, रडतेस काय? हिला आजार थोडाच आहे? हिला श्वास पुरत नाहीये. इथली हवा विरळ, ही ओढून ओढून ओढणार किती? आपण हिच्या तोंडात हवा कोंबू या."

"कोंबू या म्हणजे?"

"सुपरचार्जर बसवू. पंखाच असतो गं तो, बंद पेटीतला. इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो आणि हवा दाबून आत ढकलतो. आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक पडलाय धूळ खात. मालक कधीचे म्हणताहेत, ने बाई, जागा अडवतोय."

दादा दारात उभा राहून ऐकत होता. "वा! शिवणकामवाली आणि लेथवाली मिळून इंजिन उघडणार. आनंद आहे!" 

"दादा, तुला पाना आणि पक्कड यातला फरक कळतो का? मग तू बोलूच नकोस," चिमणी म्हणाली. तो गेला.

दुसऱ्या दिवशी तो सुपरचार्जर आला. सुरुवातीला मला मुळीच आवडला नाही. शंखासारखा वळलेला, काळाकुट्ट, आणि राहायला येतोय थेट माझ्या कुशीत. शिवाय फिरणार माझ्याच ताकदीवर. फुकट खाणारा घरजावईच की! पण माझं कोण ऐकतंय.

तो बसवायला जाड लोखंडी पट्टीचं बैठक-ब्रॅकेट लागणार होतं. विकत कुठे मिळणार? इथे वहिनी पुढे सरसावली. "माप मी घेते. अंगावर माप घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही." गळ्यातली टेप काढून तिनं इंजिनाचं माप घेतलं, अगदी एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या कोटाचं घ्यावं तसं. मला गुदगुल्या झाल्या. मग पुठ्ठ्यावर खडूनं आखलं, कापलं आणि चिमणीच्या हाती दिलं. चिमणीनं पुठ्ठ्याबरहुकूम लोखंड कापलं.

दोघी रोज संध्याकाळी उजेड असेतोवर राबल्या. नळ्या जोडल्या. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं, तेही केलं. ठिणगी पडायची वेळ जरा मागे घेतली, नाहीतर आतून ठकठक होते आणि ती बरी नसते. सगळं जागेवर बसलं. किल्ली फिरवली.

फाट्! पट्टा सुटला, उडाला आणि शेडमध्ये टांगलेल्या अर्ध्या शिवलेल्या कोटाच्या गळ्यात जाऊन पडला. परत चढवला, परत सुटला. सुपरचार्जरची पुली माझ्या पुलीच्या ओळीत नव्हती, बोटभर पुढे आली होती.

"तू कापण्यात चुकलीस," वहिनी म्हणाली.

"मी? तुझ्या पुठ्ठ्यापासून मी रेघभरही हलले नाही."

"मग माप काय मी चुकीचं घेतलं? आयुष्य गेलं माझं मापं घेण्यात!"

नणंद-भावजयीचं असं जुंपलं की मला वाटलं, झालं, आता रविवारची वाट बघायची. शनिवार होता. दुपार कलायला लागली होती. वहिनीनं रागारागानं पुठ्ठा उचलून ब्रॅकेटवर ठेवला. बघते तर काय, पुठ्ठ्याच्या कडेच्या आत तिच्याच हातची खडूची तुटक रेघ. तिनं कपाळावर हात मारला.

"अगं बाई! चिमणे, मी शिवणीला सोडलंय!"

"शिवणीला? लोखंडाला?"

"सवयीनं गं! सगळ्या बाजूंनी बोटभर सोडलं. हात आपोआप सोडतो. तीच कड इंजिनाला टेकली, म्हणून सगळं बोटभर पुढे आलं."

चिमणी जमिनीवर बसून पोट धरून हसायला लागली. वहिनीही हसली. दोघींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग वहिनीच म्हणाली, "बरं झालं, जास्तच सोडलं. कमी पडलं असतं तर आता कुठून जोडणार होतो? छाट ते." चिमणीनं वहिनीच्या रेघेवर कड घासून काढली. यावेळी पट्टा चढला तो बसलाच.

आणि काय सांगू तुम्हाला! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला पोटभर हवा दिली. माझे सहाच्या सहा जण एकदम ताठ बसले. घरजावई माझी ताकद खातो खरा, पण खाल्ल्याच्या कितीतरी पट परत करतो. मी माझे शब्द मागे घेते.

रविवारी सकाळी वहिनी दादाला म्हणाली, "भंगारवाला यायचाय ना? यायच्या आत एकदा खाली जाऊन येऊ. तुम्हीही चला." खाली गेलो ते थेट बाबांच्या दारात. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते पुढे बसले, मागे दादा आणि चिमणी, त्यांच्या मांडीवर आणि मध्ये खालून घेतलेले कापडाचे गठ्ठे. अंगावर एवढं ओझं मी त्या चढावर कधीच घेतलं नव्हतं.

चढ सुरू झाला. सुपरचार्जर बारीक शीळ घालायला लागला. बाबांनी कान टवकारले. वळण आलं. आणि यांची सवय जाते कुठे! दादानं दार उघडलं, चिमणीनं उघडलं, बाबांनी काठी हातात घेतली.

"दारं लावा!" वहिनी कडाडली. "कुणी उतरायचं नाही! बाबा, तुम्ही बसा."

तिनं पाय दाबला आणि मी निघाले. वळण मागे पडलं. तो दगड मागे पडला. दादा दार धरून "अगं हळू, हळू!" ओरडत होता आणि चिमणी "अजून दाब, वहिनी!" म्हणत होती. गच्चीतले शेजारी उभे राहिले. मी थांबले ती थेट फाटकापाशी, आणि तेही वहिनीनं थांबवलं म्हणून.

फाटकात भंगारवाला दोर घेऊन उभा होता.

बाबा उतरले. घराकडे बघितलं, मग त्या माणसाकडे, मग दोराकडे. "हे कोण?" त्यांनी विचारलं. वहिनी गठ्ठे काढायच्या निमित्तानं मागे वळली. मी श्वास रोखला.

दादा पुढे झाला. "हे होय? गाडी बघायला आलेत, बाबा. हिची फार कीर्ती ऐकली म्हणे." मग भंगारवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघून झाली ना? छान. या मग आता."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"या म्हटलं ना."

तो गेला. दादानं बाबांचा हात धरला. "चला बाबा, तुमच्या लेकीचं घर दाखवतो." बाबा पायरीवर थांबून रडले, वहिनी रडली, चिमणी ग्रीसच्या हातांनी डोळे पुसून तोंड काळं करून बसली. मी रडत नाही, रेडिएटर बिघडतो.

आता बाबा दर आठवड्याला येतात, गावात माझा थाट आहे, आणि दादा पाहुण्यांना मुद्दाम चढावरून फिरवून आणतो, कौतुक आपलंच असल्यासारखं. तुम्हाला एकच सांगणं. घरातलं कुणी चढावर थांबलं तर त्याला मोडीत काढायच्या आधी बघा, त्याला श्वास तरी पुरतोय का.

बरं, वहिनी किल्ली घेऊन येतेय. बाबा खाली वाट बघताहेत. सरका जरा.